मायबाप कचेरी : एका सोयीस्कर विनोदाची चिकित्सा

विनोदी कलाकृतीची समीक्षा करताना मराठी समीक्षक बहुधा दोनपैकी एक वाट धरतो. एक तर तो तिला 'निखळ करमणूक' ठरवून चिकित्सेच्या कक्षेबाहेर ठेवतो. किंवा तीत एखादा गंभीर आशय आढळलाच, तर त्या आशयाच्या आनंदात विनोदाने त्याचे नेमके काय केले हे तपासायचे विसरतो. पहिल्या वाटेने विनोदाचा अपमान होतो, दुसऱ्या वाटेने आशयाची फसवणूक होते. कचेरी आणि कुटुंब यांभोवती रचलेल्या विनोदी-गंभीर चित्रपटांच्या वाट्याला या दोन्ही गोष्टी आलेल्या आहेत. चंद्रकांत कुलकर्णी दिग्दर्शित 'आजचा दिवस माझा' (२०१३) हा चित्रपट त्याचे ठळक उदाहरण होय. प्रशांत दळवी आणि अजित दळवी यांनी लिहिलेल्या या चित्रपटाला मराठीतील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. औरंगाबादेतील (आजचे छत्रपती संभाजीनगर) 'जिगीषा'च्या नाट्यचळवळीतून पुढे आलेल्या मंडळींची ही निर्मिती असल्याने मराठवाड्यात तिचे स्वागत आपुलकीने होणे स्वाभाविक होते. परंतु आपुलकी ही समीक्षेची जागा घेऊ शकत नाही. या चित्रपटाचा विनोद नागरिकाच्या हातातला हक्क अलगद काढून घेतो आणि त्या जागी मेहरबानी ठेवतो. ही अदलाबदल इतक्या गोड हाताने होते की, प्रेक्षक टाळ्या वाजवत घरी जातो. तिची चिकित्सा व्हावयास हवी.

चित्रपटाचे कथासूत्र सर्वपरिचित आहे. विश्वासराव मोहिते या मुख्यमंत्र्याच्या हातून (ही भूमिका सचिन खेडेकर यांनी केली आहे) एका वृद्ध, अंध गायकाचा अपमान घडतो. त्या गायकाचा घराचा अर्ज सरकारदरबारी अडकलेला आहे. मुख्यमंत्र्याला आपल्या वागण्याची लाज वाटते आणि त्याच रात्रीत त्या गायकाला घर मिळवून देण्याचा तो चंग बांधतो. मग सुरू होते ती एका रात्रीची धावपळ : सचिव, अधिकारी, नियम, टिपण्या, शेरे आणि त्या साऱ्यांना झोपेतून उठवणारी एका माणसाची सदिच्छा. रचनेच्या दृष्टीने ही कल्पना उत्तम आहे. काळ एका रात्रीपुरता आवळल्यामुळे एरवी वर्षानुवर्षे पसरणारी सरकारी दिरंगाई विनोदाच्या वेगात सापडते. बडा अधिकारी आणि निवडून आलेला नेता यांच्यातील सुप्त वैर संवादांतून लख्ख दिसते. मुख्यमंत्र्याचे निवासस्थान ही वास्तूच अशी की, तेथे घर कुठे संपते आणि कचेरी कुठे सुरू होते हे सांगता येऊ नये. या सरमिसळीचा नाट्यमय उपयोग लेखकद्वयाने जाणतेपणाने केला आहे. चित्रपट वाईट असता, तर त्याच्याशी वाद घालण्याचे प्रयोजन उरले नसते.

मराठी विनोदाला कचेरी नवी नाही. चिं. वि. जोशी यांचा चिमणराव हा कारकून. मास्टर विनायक यांनी 'लग्न पहावे करून' (१९४०) आणि 'सरकारी पाहुणे' (१९४२) या चित्रपटांतून त्याला आणि गुंड्याभाऊला पडद्यावर आणले. पु. ल. देशपांडे यांच्या 'असा मी असामी'तील धोंडो भिकाजी जोशी बेन्सन जॉन्सन कंपनीत कारकुनी करतो. या दोन्ही कारकुनांच्या ठायी एक गोष्ट समान आहे. ते स्वतःवर हसतात, बायकोवर हसतात, साहेबाला मनातल्या मनात हसतात. परंतु कचेरी ही आपल्याशी कोणत्या नियमाने वागते आणि तिने कोणत्या नियमाने वागावे, हा प्रश्न त्यांना पडत नाही. साहेब हा हवामानासारखा आहे. त्याच्या लहरीप्रमाणे छत्री घेऊन निघावे, एवढेच शहाणपण. या विनोदाची थोरवी मान्य करूनही त्याची मर्यादा नोंदवायला हवी. त्यात कचेरीला कुटुंबाच्या नात्यांनीच समजून घेतले जाते. साहेब म्हणजे रागीट सासरा, हेडक्लार्क म्हणजे खाष्ट आत्या, शिपाई म्हणजे घरचा जुना गडी.

हिंदी चित्रपटाने हीच रीत तर्काच्या टोकाला नेली. हृषीकेश मुखर्जी यांच्या 'गोलमाल'मध्ये (१९७९) अमोल पालेकर यांचा रामप्रसाद नोकरीसाठी मालकाच्या आवडीनिवडी सांभाळतो, मिशी राखतो, खोटे बोलतो, जुळ्या भावाची बतावणी करतो आणि अखेरीस मालकाचा जावई होतो. शिकलेल्या, लायक तरुणाला नोकरीसाठी मालकाच्या मिशीप्रेमाची खुशामत करावी लागते, हा खरे तर भीषण आशय होता. तो लग्नाच्या मांडवात विरघळून जातो. नोकराचा जावई झाला की, त्याला हक्क मागण्याचे कारण उरत नाही. मालकाचाही वडीलधारा झाला की, त्याला जाब विचारता येत नाही. कचेरीचे घर करणे हा या विनोदप्रकाराचा ठरलेला तोडगा आहे. 'आजचा दिवस माझा' हा याच घराण्यातला, मात्र त्याची कचेरी खाजगी कंपनीची नसून राज्याची आहे. खाजगी मालक लहरी असला, तर त्याची हानी मर्यादित असते. राज्यच लहरीने चालले, तर त्याची किंमत सारा समाज मोजतो. म्हणूनच 'गोलमाल'ला जी सूट देता येते, ती येथे देता येत नाही.

या चित्रपटात नियमाची बाजू कोणाकडे आहे, हे पाहिले म्हणजे त्याचे राजकारण उलगडते. नियम बोलतात ते अधिकारी. ते नियम बोलतात ते आडमुठेपणाने, अहंकाराने, आपले स्थान जपण्यासाठी. भावना बोलतो तो मुख्यमंत्री, आणि तो बोलतो पश्चात्तापाने. अशी मांडणी केली की प्रेक्षकाची निवड आधीच ठरून जाते : नियम म्हणजे कोरडेपणा, नियम मोडणे म्हणजे माणुसकी. विनोदाचा सारा भार या समीकरणावर आहे. अधिकाऱ्याची फजिती झाली की हशा येतो, आणि प्रत्येक हशासोबत प्रेक्षक नियमापासून आणखी एक पाऊल दूर सरकतो. परंतु नियम हा अडवणाऱ्याचे हत्यार असतो तसाच तो दुबळ्याचा एकमेव आधारही असतो. ज्याच्याकडे ओळख नाही, गळा नाही, मुख्यमंत्र्याने अपमान करावा एवढे त्याच्या जवळ जाण्याचे भाग्यही नाही, त्याच्या बाजूने बोलणारा नियमावाचून दुसरा कोण आहे?

येथे एक वस्तुस्थिती ध्यानात घेण्याजोगी आहे. महाराष्ट्रात बदल्यांचे विनियमन आणि शासकीय कामातील विलंबास प्रतिबंध करणारा २००५ चा अधिनियम आहे. कोणत्याही शासकीय कर्मचाऱ्याकडे सर्वसाधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा अधिक काळ फाईल पडून राहू नये, अशी तरतूद त्याच्या दहाव्या कलमात आहे. त्याच वर्षी केंद्राचा माहितीचा अधिकार अधिनियम आला. म्हणजे २०१३ साली हा चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा, अडलेल्या फाईलबद्दल जाब विचारण्याची कायदेशीर साधने नागरिकाच्या हाती होती. ती तोकडी असतील, पायदळी तुडवली जात असतील, पण होती. चित्रपटाची नैतिक उभारणी मात्र या साधनांवर नाही. ती एका शक्तिमान माणसाच्या मनाच्या टोचणीवर आहे. मुख्यमंत्र्याचा पारा त्या दिवशी चढला नसता, तर गायकाला घर मिळाले नसते. म्हणजे घराचे मूळ कारण अर्ज नव्हे, पात्रता नव्हे, कायदा नव्हे. घराचे मूळ कारण अपमान आहे. ही गोष्ट चित्रपट हसतमुखाने सांगतो आणि समीक्षा ती हसतमुखाने ऐकून घेते.

या आक्षेपावर तीन उत्तरे संभवतात, आणि तिन्ही गांभीर्याने घेण्यासारखी आहेत. पहिले असे की, ही एक नीतिकथा आहे, धोरणात्मक टिपणी नव्हे. एका माणसाच्या बदलाची गोष्ट सांगणाऱ्या कलाकृतीकडून प्रशासनसुधारणेचा आराखडा मागू नये. हे मान्य. परंतु नीतिकथेलाही नीती असते, आणि ती कोणती आहे हे विचारण्याचा अधिकार समीक्षेला आहे. राजाने रात्री वेषांतर करून प्रजेचे दुःख जाणावे, ही जुन्या गोष्टींतली नीती राजेशाहीला शोभते. लोकशाहीत तिचे पुनरुज्जीवन करणाऱ्या कलाकृतीला 'नीतिकथा' म्हटल्याने ती निर्दोष ठरत नाही.

दुसरे उत्तर अधिक वजनदार आहे. प्रत्यक्षात नियमाच्या नावाखाली जी क्रूरता चालते, ती या चित्रपटाने उघडी पाडली, असे त्याचे समर्थक म्हणतील. हेही खरे आहे. ठरवले तर फाईल एका रात्रीत हलते, हे दाखवून चित्रपटाने दिरंगाई ही नैसर्गिक आपत्ती नसून कोणीतरी घेतलेला निर्णय असतो, हे सिद्ध केले. त्याचे हे यश मोठे आहे. पण याच यशाचा पुढचा प्रश्न त्याला पेलत नाही. फाईल आज एका रात्रीत हलली, तर काल का हलली नाही? परवा दुसऱ्याची का हलणार नाही? या प्रश्नाचा रोख अधिकाऱ्याकडे जितका आहे, तितकाच मुख्यमंत्र्याकडेही आहे, कारण ती कचेरी त्याचीच आहे. चित्रपटाची सारी ओढ मात्र त्या रात्रीच्या अखेरीकडे आणि मुख्यमंत्र्याच्या मनःशांतीकडे आहे. आरोपीलाच नायक करून त्याच्या पश्चात्तापाने खटला निकालात काढावा, असा हा प्रकार.

तिसरे उत्तर असे की, राजकारण्याला नेहमी खलनायक रंगवणाऱ्या मराठी चित्रपटात त्याला माणूस म्हणून दाखवणे हेच नवे होते. डॉ. जब्बार पटेल यांच्या 'सिंहासन'मधला (१९७९) मुख्यमंत्री जिवाजीराव आठवला, तर हे उत्तर टिकत नाही. तोही माणूस आहे. थकतो, घाबरतो, डाव टाकतो. फरक एवढाच की, तेथे त्याच्या माणूसपणाची किंमत समोर उभी आहे आणि ती पाहणाऱ्या पत्रकार दिगू टिपणीसाचे भान अखेरीस सुटते. माणूस दाखवणे आणि माणूस म्हणून माफ करणे या दोन वेगळ्या कृती आहेत.

वरिष्ठाची सदिच्छा कचेरीला न्यायी करू शकते काय, या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्राच्या इतिहासात शतकापूर्वीच मिळालेले आहे. १९१७ साली परदेशातून परतलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदे संस्थानच्या सेवेत रुजू झाले. संस्थानाधिपती सयाजीराव गायकवाड हे त्या काळातील अत्यंत उदार राज्यकर्ते; बाबासाहेबांच्या शिक्षणाला साहाय्य त्यांनीच केलेले. शिखरावर सदिच्छा होती, यात शंका नाही. तरीही त्या कचेरीतले शिपाई बाबासाहेबांच्या टेबलावर फायली लांबून फेकत. शहरात त्यांना राहायला घर मिळेना. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहिले, तर तेथूनही हाकलून देण्यात आले. घर आणि कचेरी या दोन्ही ठिकाणी एकाच समाजाने त्यांना दार लावून घेतले, आणि महाराजांचे औदार्य त्या दोन्ही दारांशी थबकले. बाबासाहेबांनी त्यातून जो धडा घेतला, तो अधिक दयाळू महाराज शोधण्याचा नव्हता. हक्क लिहून ठेवण्याचा होता. पुढे त्याच बडोद्यात चिं. वि. जोशी यांनी आयुष्याचा मोठा काळ अध्यापनात आणि राजदफ्तराच्या सेवेत घालवला आणि मराठीला तिचा सर्वांत लाडका कारकून दिला. चिमणरावाच्या गोष्टींत लांबून फेकलेली फाईल नाही. हा चिं. वि. जोशी यांच्यावरील आरोप नव्हे. ते ज्या घरातून कचेरीकडे पाहत होते, त्या घराच्या खिडकीतून ती फाईल दिसत नव्हती, एवढेच. परंतु आजच्या समीक्षेलाही ती दिसू नये, हे मात्र क्षम्य नाही. कचेरीचे घर करून टाकणाऱ्या विनोदाला विचारायचा पहिला प्रश्न हाच की, हे घर कोणाचे? त्यात कोणाला पानावर बसवले जाते आणि कोण ओट्यावर ताटकळतो?

याहून अधिक खेद वाटावा अशी बाब आहे, ती खुद्द लेखकाच्या पूर्वकार्याशी निगडित. प्रशांत दळवी यांनीच 'चारचौघी' (१९९१) लिहिले आणि चंद्रकांत कुलकर्णी यांनीच ते दिग्दर्शित केले. त्या नाटकात कुटुंब हे माफीचे आगर नाही. तेथे आई आणि तीन मुली नात्याच्या प्रत्येक कलमाचा अर्थ विचारतात, पुरुषाच्या पश्चात्तापाला अंतिम शब्द मानत नाहीत, आणि प्रेमाच्या नावाखाली हक्क सोडून देण्याचे नाकारतात. ज्या लेखणीने घरात हक्काची भाषा आणली, तीच लेखणी बावीस वर्षांनी राज्याच्या कचेरीत घराची भाषा घेऊन आली. ज्या रंगकर्मींनी बाईला 'त्याने माफी मागितली, आता मिटव' असे सांगितले नाही, त्यांनीच नागरिकाला मात्र नेमके तेच सांगितले. या उलट्या प्रवासाची दखल समीक्षेने घ्यावयास हवी होती. ती न घेता पुरस्काराची बातमी पुन्हा छापण्यात धन्यता मानली गेली.

कचेरी आणि कुटुंब यांची गोष्ट वेगळ्या रीतीने सांगता येते काय? येते. अकिरा कुरोसावा यांच्या 'इकिरू'मध्ये (१९५२) मृत्यूच्या छायेत आलेला एक नगरपालिका अधिकारी, खात्याखात्यांतून टोलवल्या गेलेल्या वस्तीतल्या बायकांसाठी एक बाग उभी करतो. तीही एका माणसाच्या पालटाचीच गोष्ट आहे. परंतु कुरोसावा तेथे थांबत नाही. त्याच्या मृत्यूनंतर जमलेले सहकारी दारूच्या भरात त्याच्यासारखे वागण्याच्या आणाभाका घेतात, आणि नंतर कचेरी पुन्हा पहिल्यासारखी सुरू होते. हे 'नंतर' दाखवण्याचे धैर्य त्या चित्रपटाची नैतिक उंची ठरवते. शिवाय बाग ही सर्वांची असते. तिच्यासाठी कोणालाही रांगेतून बाजूला सारावे लागत नाही.

मराठीतही उदाहरणे आहेत. रमेश इंगळे उत्रादकर यांच्या कादंबरीवर आधारलेल्या, पुरुषोत्तम बेर्डे दिग्दर्शित 'निशाणी डावा अंगठा'मध्ये (२००९) प्रौढ साक्षरता मोहिमेची कागदी करामत बुलढाण्याकडच्या शिक्षकांच्या अंगावर येऊन पडते. तेथे विनोद आहे तो खोटा अहवाल खरा करण्याच्या धडपडीतून. वरून कोणी दयाळू साहेब उतरून गोष्ट मिटवीत नाही. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'मध्ये (२०१४) तर कचेरी आणि घर यांचे नाते अतिशय शांतपणे उघडे केले आहे. सरकारी वकील बाई न्यायालयातून निघते, मुलाला घेते, स्वयंपाक करते, सहकुटुंब नाटकाला जाते. प्रेक्षकाला ती आपल्यातलीच वाटते. आणि हीच बाई लोकशाहीर नारायण कांबळेला वीस वर्षांची शिक्षा ठोकून प्रकरण संपवावे असे सहज बोलून जाते. घरगुती माया तिला न्यायी करीत नाही. सुट्टीवर गेलेला न्यायाधीश झोपमोड करणाऱ्या पोरावर हात उगारतो. कचेरीची वृत्ती घरातच घडते, हे सांगणारा हा कोरडा विनोद 'मायबाप' कल्पनेच्या मुळावर घाव घालतो. हसू त्यातही येते. पण ते घशात अडकते.

हा वाद केवळ चित्रपटापुरता नाही. छावणीच्या पलीकडे, नाशिककडे जाणाऱ्या रस्त्यावरचे पडेगाव घ्या. छत्रपती संभाजीनगरच्या प्रधानमंत्री आवास योजनेतील घरांसाठी शहराच्या कडेच्या ज्या जागा विचारात घेतल्या गेल्या, त्यांत पडेगावचे नाव होते. २०१५ साली सुरू झालेल्या या योजनेच्या येथील निविदांवर गैरव्यवहाराचे आरोप झाले आणि २०२३ साली अंमलबजावणी संचालनालयाने शहरात छापे घातले. अर्ज करून बसलेल्या कुटुंबांच्या वाट्याला आले ते वाट पाहणे. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या अशा एखाद्या अर्जदाराला 'आजचा दिवस माझा' काय सांगतो? त्याने गाणे शिकावे? मुख्यमंत्र्याच्या रस्त्यात उभे राहून अपमान करून घ्यावा? की साहेबाला कधी तरी रात्री झोप लागणार नाही, या आशेवर जगावे? त्याला हवी आहे ती आपला क्रमांक कितवा आहे हे सांगणारी यादी, ती यादी कोणी बदलू नये याची हमी, आणि बदललीच तर दाद मागण्याचे ठिकाण. यांतले काहीही भावनेला हात घालणारे नाही. विनोदी चित्रपटाला ते रंगवणे अवघड असेल. पण अवघड आहे म्हणून त्याच्या उलट गोष्ट खरी म्हणून दाखवावी, असे होत नाही.

'मायबाप सरकार' हा शब्दप्रयोग मराठीत अर्जाच्या मायन्यातून आला आणि तेथेच मुरला. मायबाप म्हटले की, मागणाऱ्याचे लेकरू होते. लेकराला हट्ट करता येतो, रडता येते, हिशेब मागता येत नाही. मराठी विनोदाने हा मायना हसत हसत पडद्यावर आणला आणि मराठी समीक्षेने त्यावर कौतुकाचा शेरा मारून फाईल पुढे सरकवली. ती फाईल परत मागवणे आवश्यक आहे. विनोदी चित्रपटाने हसवू नये, असे कोणी म्हणणार नाही. त्याने कोणाच्या बाजूने हसवले आणि रांगेतल्या कोणाला मागे ढकलून हसवले, एवढे मात्र समीक्षेने प्रत्येक वेळी विचारले पाहिजे. त्या गायकाला घर मिळाले, याचा आनंद कोणालाही होईल. त्याच्या मागे उभ्या असलेल्या माणसाचे नाव चित्रपटाला ठाऊक नाही. समीक्षेला तरी ते ठाऊक असायला हवे होते.